खडपाचा हिशेब कोणाच्या वहीत?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या होडीत सगळ्यांचे डोळे तटावर लागलेले असतात. साहजिकच आहे. १६६४ साली पाया घातलेला किल्ला आजही लाटा अंगावर घेत उभा आहे. पण त्या होडीच्या बुडाखालून जे सरकत जातं, त्याकडे फार थोडे पाहतात. किल्ल्याभोवतीच्या खडपांवर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, जिवंत प्रवाळ आहेत. लक्षद्वीपसारखी दूरवर पसरलेली प्रवाळभित्ती इथे नाही. पावसाळ्यात खाड्यांतून येणारा गाळ सोसत, मातकट पाण्यात खडकाला धरून वाढणाऱ्या या गोलसर, पसरट वसाहती आहेत. प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि भरपूर उजेड लागतो असं शाळेत शिकवतात. इथल्या प्रवाळाने त्याहून बरंच कमी मिळत असताना तग धरला आहे. मला त्याचं फार अप्रूप आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाने जे चाललं आहे त्याबद्दल लिहावंसं वाटतं.

या खडपांना कायद्याचं छत्र नाही असं नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात पद्मगडासह ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. २००१ मध्ये सगळे खडकबांधणीचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसले. छत्रावर छत्र झालं. तरी आज किल्ल्याजवळ डोकं पाण्याखाली घातलं तर काय दिसतं? नांगर घासून गेलेल्या खुणा, अडकून राहिलेल्या जाळ्याचे तुकडे, आणि हंगामात दम खायला प्रवाळावरच पाय टेकून उभे राहिलेले पर्यटक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे इथल्या प्रवाळाची मोडतोड कशी होते आणि त्याची जबाबदारी कशी कोणावरच येत नाही, हे मांडलं आहे. अभयारण्यात, कायद्याने राखलेल्या जिवाची मोडतोड, आणि जबाबदार कोणीच नाही. हे कसं झालं?

माझं उत्तर असं: आपण आधी हद्द आखली, आणि त्या हद्दीच्या आत रोज वावरणाऱ्या माणसाला राखणदार करण्याऐवजी संशयित करून टाकलं. मालवणचा गाबीत समाज या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढत आला आहे. अख्ख्या वाडीने मिळून ओढायचं जाळं, आणि वाट्याच्या ठरलेल्या रीतीने वाटून घ्यायचं म्हावरं. अशा लोकांच्या कानावर एके दिवशी येतं की तुमचं पाणी आता अभयारण्य झालं. मासेमारी थांबणार का, होड्या कुठे लावायच्या, यांची नीट उत्तरं मिळाली नाहीत तेव्हा विरोध उभा राहिला, आणि तो आजतागायत पुरता मावळलेला नाही. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलं गेलं की प्रादेशिक समुद्र अभयारण्यात घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी व्यवस्था आधी करावी. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षं आधीची. कायद्याला उशिरा सुचलेलं शहाणपण मालवणच्या वाट्याला आलंच नाही. विश्वास एकदा तुटला तो तुटलाच, आणि त्या तुटलेल्या जागेत प्रवाळ बेवारस झाला.

म्हणून माझा आग्रह असा आहे की खडपाची मोजणी तिथल्या मच्छीमारांच्या हातात द्यावी, वहीची मालकीही त्यांची असावी, आणि वहीत जे दिसेल त्यावर निर्णय घेण्यात त्यांचा पहिला हक्क असावा. प्रवाळाची लागवड, कृत्रिम भित्ती, समुद्रगवताची रोपं हे सगळं त्यानंतर. आज बरोबर उलटा क्रम चालतो. लागवडीला निधी मिळतो, छायाचित्रं मिळतात, उद्घाटन करता येतं. मोजणीला यातलं काहीच मिळत नाही.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून एका गावाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. फिजीच्या व्हेराता भागात उथुनिवानुआ नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथल्या चिखलपाट्यांवर आणि समुद्रगवतात ‘कायकोसो’ नावाचा शिंपला मिळतो. गावाचं खाणं तेच आणि बाजारात विकायचा मालही तोच. नव्वदीच्या दशकात गावातल्या थोरांच्या लक्षात आलं की पूर्वी थोड्या वेळात पोतं भरायचं, आता बायका दिवसभर वाकून काढतात तरी ते भरत नाही. गावातला एक मुलगा राजधानी सुव्हाच्या विद्यापीठात शिकत होता. त्याने आपल्या शिक्षकांना गावात बोलावलं. बोलावणं गावाकडून गेलं, हे मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शिक्षक आले, पण मोजून देऊन निघून गेले नाहीत. त्यांनी गावकऱ्यांना मोजायला शिकवलं. पन्नास मीटरची दोरी ताणायची, दर दहा मीटरवर एक चौरस मीटरची चौकट ठेवायची, तिच्या आतले शिंपले मोजायचे, प्रत्येकाची लांबी लिहायची. एवढंच. १९९७ मध्ये गावाने २४ हेक्टरचा चिखल आणि समुद्रगवताचा पट्टा तीन वर्षांसाठी बंद केला. त्यासाठी त्यांनी नवा शब्द शोधला नाही. फिजीत गावप्रमुख वारला की शंभर रात्री खडकाचा एखादा भाग मासेमारीला बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. ‘ताबू’ हा त्यांचाच शब्द. विज्ञान त्या जुन्या रीतीवर येऊन बसलं. गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने मोजलं तेव्हा बंद पट्ट्यात शिंपले वाढलेले दिसले, आणि नंतर त्याच्या बाहेर, जिथे काढायला मुभा होती तिथेही ते वाढले. त्यांनी पट्टा बंदच ठेवायचं ठरवलं. ही गोष्ट गावागावांत पोचली आणि फिजीच्या शेकडो गावांनी आपापल्या पाण्यात असे पट्टे राखले.

आपल्याकडे याचं बीज नाही असं कोण म्हणेल? देवराई म्हणजे तरी काय आहे? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जायचं नाही, हा नियम कोणत्या अधिसूचनेने आणला? कोकणाला आपण होऊन थांबणं माहीत आहे. आपल्या यंत्रणेने त्या माहितीचा कधी उपयोग करून घेतला नाही.

मोजणीला काय लागतं तेही पाहू, कारण ‘वैज्ञानिक निरीक्षण’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठी जहाजं आणि यंत्रं येतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये १९९८ पासून स्वयंसेवक समुद्रगवत मोजतात. ओहोटीला चिखलात तीन पन्नास-मीटरी फिती ताणायच्या, प्रत्येकीवर दर पाच मीटरला अर्ध्या मीटरची चौकट टाकायची, आणि आत किती टक्के गवत आहे, कोणत्या जातीचं आहे, पानांवर किती शेवाळ चढलं आहे ते लिहायचं. एका फितीवर अकरा, तिन्ही मिळून तेहतीस चौकटी. त्याच राज्यातल्या विद्यापीठाने प्रवाळासाठी रंगांचं एक साधं कार्ड काढलं आहे. फिकट ते गडद अशा छटा, प्रवाळाशेजारी धरायच्या आणि जुळणारी छटा लिहून घ्यायची. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्नही देतात आणि रंगही. पाणी फार तापलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडू लागतो. म्हणून छटा फिकी होणं ही विरंजनाची पहिली खूण. ज्याला सुरमईचा ताजेपणा कल्ल्यांच्या रंगावरून नजरेने कळतो, त्याला हे कार्ड वापरायला किती वेळ लागेल?

आणि मच्छीमार आजही मोजतोच आहे. कुठल्या खडपाला शेवंड लागते, कुठे गोब्रा गरवायला बसायचं, कुठल्या महिन्यात कुठलं पाणी निवळतं हे जुन्या तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, हाताच्या रेषांसारखं ठाऊक असतं. एखाद्या खडपावर मिळणारी तांबोशी आता मिळत नाही हे त्याला कुठल्याही अहवालाच्या आधी कळतं. ते कळणं वहीत उतरत नाही, आणि वहीत नसलेलं सरकारी बैठकीत ऐकलं जात नाही.

इथे पहिला आक्षेप येतो की ज्याचं पोट माशावर आहे तो माशांची आणि खडकाची खरी नोंद कशी करेल? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला लक्षद्वीपच्या समुद्रगवताने दिलेलं उत्तर मला फार शिकवून गेलं. अगत्ती बेटाच्या खाजणात, म्हणजे प्रवाळभित्तीच्या आतल्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांची संख्या खूप वाढली. ती समुद्रगवतावर जगतात. मच्छीमार कुरकुरू लागले की कासवं गवत फस्त करत आहेत आणि गवतातला मासा कमी झाला आहे. कासव संरक्षित प्राणी. त्याच्याविरुद्ध बोलणारा मच्छीमार म्हणजे निसर्गाचा वैरी असं ठरवणं सोपं होतं. संशोधकांनी मात्र ते म्हणणं तपासायला घेतलं. गवताची उंची, दाटी, जाती, माशांची संख्या हे सगळं मोजलं, आणि कासवांच्या चरण्याने गवताचे पट्टे खरोखर बदलले, मासाही कमी झाला असं आढळलं. पुढे कासवं एका खाजणातलं गवत संपवून दुसऱ्या बेटाकडे सरकत गेली आणि एकामागून एक पट्टे उजाड झाले, हेही नोंदलं गेलं. पोटासाठी बोलणारा माणूस खरंही बोलत असतो. त्याच्या बोलण्याची तपासणी करावी, ते झटकून टाकू नये.

त्या बेटांवर २०१४ पासून मच्छीमार स्वतःच्या पकडीच्या नोंदी वहीत ठेवत आहेत. एका संस्थेच्या मदतीने सुरू झालेलं हे काम कडमत, अगत्ती, मिनिकॉय अशा बेटांवर चाललं. तिथला टुना गळाने एकेक करून पकडतात, त्यासाठी लागणारे बारीक आमिषमासे खाजणातून, प्रवाळाच्या आसऱ्यातून येतात. प्रवाळ गेला तर आमिष गेलं, आमिष गेलं तर टुना गेला. ही साखळी त्यांना पुस्तकातून समजावून द्यावी लागत नाही.

कोकणातही उदाहरणं आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली जातात. ज्या गावात अंडी उकरून नेली जायची तिथेच घरटी मोजणारे हात तयार झाले. २०१८ च्या डिसेंबरात राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने योजना आणली: जाळ्यात अडकलेलं कासव, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन जाळं कापून सोडलं तर नुकसानापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून छायाचित्रं लागतात. भरपाई देता देता आपल्या समुद्रात कुठे काय वावरतं याची नोंदही मच्छीमारांच्या मोबाईलमधून हाती येऊ लागली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात. त्या खाडीचं भलं कशात आहे हे त्यांना आता कोणी सांगायला नको. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक ओहोटीला किनारे पायी तुडवत नोंदी करत आहेत आणि गिरगाव-हाजीअलीच्या खडकांतही केवढी जीवसृष्टी आहे हे त्यांनी शहराला दाखवलं.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. ‘स्थानिक समाज’ म्हणजे नक्की कोण? मालवणात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी टाकणारे, यांच्यात उभा दावा आहे. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी दर्यातली भांडणं मिटली नाहीत. स्नॉर्कलिंगच्या होड्या चालवणारे पुष्कळ तरुण मच्छीमार घरांतलेच आहेत. वडील खडपावर गळ टाकतात आणि मुलगा त्याच खडपावर पर्यटक उतरवतो. ओहोटीला कालवं आणि मुळे-तिसऱ्या काढणाऱ्या बायका तर कुठल्याच समितीच्या कागदावर नसतात. अशा वेळी सरपंच आणि दोन पुढारी बसवून ‘लोकसहभाग’ झाला म्हणणं ही फसवणूक आहे.

मन्नारच्या आखातातल्या बायकांनी या प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधलं. तिथली २१ बेटं १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानात गेली. त्या बेटांभोवती बुडी मारून समुद्रशेवाळ काढणाऱ्या बायका एका फटक्यात घुसखोर ठरल्या. त्या संघटित झाल्या आणि त्यांनी बंदीच्या जागी स्वतःचे नियम आणून ठेवले. महिन्यातून बाराच दिवस काढायचं, आणि खडक खरवडणारी लोखंडी हत्यारं वापरायची नाहीत, म्हणजे मूळ शाबूत राहतं आणि खालचा प्रवाळही. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना बेटांच्या संवर्धनासाठी दिला जाणारा २०१५ चा सिकॉलॉजी पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्कारापेक्षा बारा दिवसांच्या हिशेबाचं मोल जास्त वाटतं. कारण तो वरून आला नाही. समुद्राच्या तळाशी हात घालणाऱ्यांनी तो केला. मालवणच्या मोजणीच्या गटात कालवं काढणारी बाई, रापणीतला माणूस आणि पर्यटकांची होडी चालवणारा तरुण, तिघंही नसतील तर त्या गटाला मी लोकसहभाग म्हणणार नाही. गोवा-कोकणच्या काही खाड्यांच्या चिखलपाट्यांवर जेमतेम बोटाएवढं उंच समुद्रगवत उगवतं. पाणी ओसरलं की ते शेवाळ समजून कोणीही पुढे जाईल, पण ती मुळं-फुलं असलेली खरी वनस्पती आहे. भारतात समुद्रगवताचं क्षेत्र अवघं पाचशेच्या वर चौरस किलोमीटर, बहुतेक पाल्कची सामुद्रधुनी, मन्नार, अंदमान आणि लक्षद्वीपला. कोकणातल्या या लहान पट्ट्यांची नोंद कोण करणार? त्या चिखलात रोज उतरणाऱ्या बायकांखेरीज मला दुसरं कोणी दिसत नाही.

आता लागवडीकडे वळतो. माझा लागवडीला विरोध नाही. इंडोनेशियात सुलावेसीजवळ स्फोटकांनी मासे मारण्याच्या पद्धतीने खडी झालेल्या प्रवाळभित्तींवर षटकोनी लोखंडी सांगाडे रोवून त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार वर्षांत ती भित्ती निरोगी भित्तीइतक्याच वेगाने वाढू लागली होती. मन्नारच्या आखातात तुतिकोरिनच्या संशोधन संस्थेने २००२ पासून प्रवाळ लावले आहेत, आणि चुनखडीसाठी प्रवाळ खणून झिजत चाललेल्या वान बेटाभोवती काँक्रीटचे कृत्रिम खडक ठेवले. या दोन्ही ठिकाणी प्रवाळाला मारणारी गोष्ट आधी थांबली, मग लागवड रुजली. मालवणात मारणाऱ्या गोष्टी रोज चालू आहेत: नांगर, टाकून दिलेली जाळी, पाय, गाळ, सांडपाणी. त्या चालू असताना लावलेला प्रवाळ म्हणजे गुरं मोकळी असताना केलेली वृक्षलागवड.

जगभरच्या प्रवाळ-पुनर्स्थापनेच्या ३६२ प्रकरणांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याअधिक, साठ टक्के प्रकल्पांत लागवडीनंतरचं निरीक्षण अठरा महिन्यांच्या आतच थांबलेलं होतं, आणि लागवडीचं मधलं आकारमान होतं शंभर चौरस मीटर. प्रवाळाच्या पुष्कळ जाती वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटीमीटर वाढतात. अठरा महिन्यांत तो धड वाढलाही नसतो, मेला आहे की नाही एवढंच कळतं. प्रकल्प संपतो, संस्था निघून जाते, अहवाल छापला जातो. दहाव्या वर्षी तिथे पाण्यात उतरणारा एकच माणूस असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही.

मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. काम कौशल्याने झालं हे मान्य. पण भरावाखाली गेलेला खडक, त्यावरचं सगळं जगणं आणि तिथे जाळं टाकणाऱ्या कोळ्यांची जागा या १८ वसाहतींच्या हिशेबात बसत नाही. जे उचलता येतं तेवढंच मोजलं, असा तो हिशेब झाला. आता सिंधुदुर्गातल्याच निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम भित्ती करण्याचा प्रकल्प आहे. जहाजावर जीवसृष्टी धरेल, यात मला शंका नाही; लोखंडाच्या कुठल्याही सांगाड्यावर ती धरते. माझा प्रश्न एवढाच आहे की निवतीच्या मूळ खडपांवर आज काय आहे याची यादी, निवतीच्या लोकांनी केलेली आणि निवतीत ठेवलेली, या प्रकल्पाचा भाग का नसावी? दहा वर्षांनी मासा जहाजामुळे वाढला, की आसपासच्या खडपांवरून तिथे गोळा झाला, हे त्या यादीशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप तापत्या समुद्राचा. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त, काही आठवडे, एवढ्याने प्रवाळ पांढरा पडू लागतो. १९९८, २०१०, २०१६ या तडाख्यांनंतर २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरचं चौथं विरंजन जाहीर झालं, आणि २०२५ पर्यंत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजनाएवढी उष्णता पोचली होती. लक्षद्वीपचा प्रवाळ दोन-अडीच दशकांत सुमारे निम्म्यावर आला. मालवणातही विरंजन नोंदलं गेलं आहे. मग मालवणच्या होडीवाल्याने फीत ताणून काय होणार?

उष्णता मालवण थांबवू शकत नाही, हे खरं आहे आणि ते लपवू नये. कोळसा जाळण्याचे निर्णय दुसरीकडे होतात आणि त्यांची जबाबदारी मच्छीमारावर ढकलणं हा अन्याय आहे. पण तडाखा बसल्यावर खडप सावरतं की शेवाळाखाली जातं, हे बरंच जागेवरच्या गोष्टींवर ठरतं. पाण्यात गाळ किती, शेवाळ चरणारे मासे उरले आहेत की नाहीत, पांढऱ्या पडलेल्या वसाहतींवर त्याच महिन्यात शेकडो पाय पडतात की काय. विरंजन काही आठवड्यांत येऊन जातं. संशोधकांची पथकं परवानग्या आणि निधी जमवून पोचेपर्यंत प्रवाळ एकतर सावरलेला असतो किंवा मेलेला. त्या आठवड्यांत कुठलं खडप पांढरं पडलं आणि तिथे पर्यटक उतरवणं दोन महिने थांबवायला हवं, हे त्याच दिवशी कळण्याची एकच सोय आहे: रोज तिथे जाणारा माणूस, हातात रंगांचं कार्ड, आणि ‘थांबवा’ म्हणण्याचा अधिकार.

हा अधिकार कुठून येणार? नवा कायदा करायची गरज नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात रुजवलेली ही कल्पना. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा देशभर नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. किनाऱ्यावरच्या गावांच्या नोंदवह्या भरतीच्या रेषेशी थांबू नयेत, त्या पाण्यात उतराव्यात, एवढं तरी आपण मागू शकतो. दुसरं, वन्यजीव कायद्यातच ‘संवर्धन राखीव’ हा पर्याय आहे. त्यात स्थानिकांशी आधी बोलावं लागतं आणि व्यवस्थापनात ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी बसतात. तमिळनाडूने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पाल्कच्या उपसागरातलं ४४८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र, त्यातलं समुद्रगवत आणि त्यावर जगणारी समुद्रगाय डुगाँग यांच्यासाठी, याच वाटेने राखलं, अभयारण्य न करता. फार लांब कशाला जायचं? सिंधुदुर्गातच तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव झालं. मालवणचं अभयारण्य जवळजवळ तेवढ्याच आकाराचं आहे. जंगलाला जे जमलं ते त्याच जिल्ह्यातल्या समुद्राला का जमू नये?

अभयारण्याचा दर्जा काढून टाका असं मी म्हणत नाही. तो काढला की खडप मोकाट सुटेल अशी भीती मलाही आहे. पण गाभ्याभोवतीच्या पाण्याचा कारभार मच्छीमारांसह बसून नव्याने ठरवता येईल. कुठे नांगर टाकायचा नाही, त्याऐवजी कायमच्या बोया कुठे लावायच्या. स्नॉर्कलिंगसाठी कोणती खडपं खुली, कोणती आळीपाळीने बंद. दर पर्यटकामागे थोडी रक्कम थेट मोजणीच्या कामाला, आणि मोजणाऱ्यांना दिवसाची मजुरी. कारण ‘स्वयंसेवा’ हा शब्द ज्याची एक दिवसाची होडी चुकते त्याला परवडत नाही. तारकर्लीत राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. खोल पाण्यातली मोजणी कोकणच्याच मुलामुलींना शिकवण्याची सोय दारात आहे म्हणायची. विद्यापीठातल्या आणि संशोधन संस्थांतल्या लोकांनी दरवर्षी येऊन काही चौकटी पुन्हा मोजाव्यात, चुका दाखवाव्यात, जाती ओळखायला शिकवावं. शोधनिबंध लिहायचा असेल तर वहीवाल्यांची परवानगी घ्यावी आणि त्यांची नावं लेखकांत घालावीत.

मोजणी हिवाळ्यात करावी लागेल, पाणी निवळतं तेव्हा. वही मच्छीमार सोसायटीच्या किंवा रापण संघाच्या कपाटात राहावी, तिची प्रत वनविभागाला द्यावी. आज कागद ज्या दिशेने वाहतो त्याच्या नेमकं उलट. आणि दरवर्षी नारळी पौर्णिमेला, धक्क्यावर सगळे जमतात तेव्हा, नारळ वाहायच्या आधी ती मालवणीत मोठ्याने वाचली जावी. कुठल्या खडपावर किती वसाहती पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्यातल्या किती सावरल्या, किती जाळी काढली, कुठे नवा प्रवाळ धरला, खाडीतलं गवत किती पावलं पुढे सरकलं, आणि या हंगामात कुठल्या खडपावर कोणी नांगर टाकायचा नाही.